कार्थेजच्या तुरुंगातून: पर्पेतुआ या बाविशीतल्या आईने लिहिलेली पानं

पर्पेतुआचं लिखाण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात राहिलं ते दूध. रोमन सैनिक, श्वापदं, तलवार हे सगळं येणार याची कल्पना होती, संतांच्या कथांत ते असतंच. पण इथे बाविशीतली एक बाई तुरुंगात बसून लिहिते की असा अंधार मी आयुष्यात पाहिला नव्हता, माणसं कोंबल्यामुळे उकाडा असह्य झालाय, शिपाई पैशासाठी पिळताहेत, आणि या सगळ्यात माझा जीव तुटतोय तो अंगावर पिणाऱ्या बाळासाठी. बाळ बाहेर आहे, आणि भुकेने पार मलूल झालंय.

हे लिखाण इसवी सन २०३ मधलं आहे. गाव कार्थेज, म्हणजे आजच्या ट्युनिशिया देशात, ट्युनिस शहराला लागून. लिहिणारी विबिया पर्पेतुआ. पुढे ख्रिस्ती जगाने तिला संत मानलं, आणि दर वर्षी ७ मार्चला तिचा सण असतो. तिच्या सोबत फेलिसितास नावाच्या एका गुलाम स्त्रीचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. त्या दोघींची ही गोष्ट सोपी करून सांगायचा प्रयत्न करतो. तिच्यात इतिहास, कायदा, धर्म आणि घरातली भांडणं अशी एकात एक अडकलेली आहेत की नुसतं 'श्रद्धेसाठी प्राण दिले' म्हटलं की सगळं हातातून निसटतं.

आधी या मजकुराची बांधणी समजून घेऊ. लॅटिनमध्ये आपल्यापर्यंत आलेला हा छोटासा ग्रंथ २१ प्रकरणांचा आहे, आणि तो तीन हातांनी लिहिलेला आहे. सुरुवात आणि शेवट एका संपादकाचा. त्याचं नाव ग्रंथात नाही. ३ ते १० ही प्रकरणं पर्पेतुआची, आणि त्यापुढची तीन तिच्या गटातल्या सातुरुस या माणसाची. संपादक स्पष्ट सांगतो की तिने हे स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मनाप्रमाणे लिहून ठेवलं तसंच मी देतो आहे. काही अभ्यासकांना हे पटत नाही, त्यांना ही संपादकाचीच रचना वाटते. पण लॅटिन जाणणारे दाखवून देतात की तिघांची भाषा वेगळी आहे. संपादक अलंकारिक, घोळदार वाक्यं लिहितो. पर्पेतुआची वाक्यं आखूड, 'आणि', 'आणि' करत एकाला एक जोडलेली, घरात बोलल्यासारखी. मला स्वतःला ती पानं तिचीच वाटतात. तसं असेल तर ख्रिस्ती स्त्रीने स्वतः लिहिलेल्या ज्या गोष्टी आज हातात आहेत त्यांतली ही सगळ्यात जुन्यांपैकी एक. त्या काळच्या बहुतेक स्त्रियांबद्दल आपल्याला जे कळतं ते पुरुषांनी लिहिलेलं आहे, म्हणून या आठ छोट्या प्रकरणांचं मोल एवढं.

तिच्याबद्दलची माहिती संपादक एकाच दमात देतो: चांगल्या घराण्यातली, शिकलेली, रीतसर लग्न झालेली, आईवडील हयात, दोन भाऊ, कडेवर तान्हा मुलगा. दोघा भावांपैकी एक तिच्यासारखाच ख्रिस्ती होण्याच्या वाटेवर होता. नवऱ्याचा तिच्या पानांत एका शब्दानेही उल्लेख नाही. एवढी मुलाची, बापाची, भावांची नावनिशाणी असताना नवरा नसावा ही गोष्ट वाचणाऱ्याला खटकतेच, आणि गेली कित्येक वर्षं यावर तर्क चालू आहेत.

अटक झाली तेव्हा ती अजून दीक्षार्थी होती, म्हणजे ख्रिस्ती शिकवण घेत होती पण बाप्तिस्मा (पाण्याने ख्रिस्ती समाजात घेण्याचा विधी) झालेला नव्हता. तिच्याबरोबर धरलेले इतरही दीक्षार्थीच: रेवोकातुस आणि त्याच्याच मालकाकडे गुलाम असलेली फेलिसितास, शिवाय सातुर्निनुस आणि सेकुंदुलुस. त्यांना शिकवणारा सातुरुस धरपकडीच्या वेळी तिथे नव्हता. त्याने नंतर स्वतःहून येऊन स्वतःला हवाली केलं. घरची लेक आणि गुलाम एकाच गटात, एकाच पंगतीला. त्या समाजात हे किती वेगळं होतं हे लक्षात घेतलं पाहिजे. पहाऱ्यात असतानाच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या पाण्याकडे मी काय मागितलं, तर फक्त शरीराला सोसायचं बळ, असं ती लिहिते.

आता मोठा प्रश्न: रोमला या पाचसहा जणांचं एवढं वावडं का होतं?

रोमन राज्यात देवांची वाण नव्हती. कोणी नवा देव आणला तर सहसा कोणाची हरकत नसे. हरकत होती ती जुने देव सोडण्याला. शहराचं भलं, पाऊस, लढाईतला जय, सम्राटाची तब्येत हे सगळं देव प्रसन्न असण्यावर अवलंबून आहे, आणि देव प्रसन्न राहतात ते सगळ्यांनी मिळून दिलेल्या अर्पणांमुळे, अशी ती धारणा. गावातली काही माणसं अर्पणाला हातच लावत नाहीत म्हटल्यावर ती गावावर संकट ओढवून घेणार, असं लोकांना प्रामाणिकपणे वाटे. त्यामुळे हा प्रश्न देवळापुरता राहत नसे, तो राज्याचा होई.

याबाबतचा कारभार कसा चाले हे शंभरेक वर्षं आधी सम्राट त्रायानुसने आपल्या प्लिनी या अधिकाऱ्याला दिलेल्या उत्तरातून कळतं. ख्रिस्ती लोकांना शोधत फिरू नका, पण कोणी रीतसर तक्रार करून आणून उभं केलं आणि तो माणूस माघार घेत नसेल तर शिक्षा करा. देवांना अर्पण करून 'मी ख्रिस्ती नाही' हे दाखवलं तर सोडून द्या. म्हणजे चोरी, खून, दंगा असं काही सिद्ध करावं लागत नव्हतं. 'ख्रिस्ती' हे नाव स्वतःला लावणं हाच गुन्हा. साम्राज्यभर सगळ्यांना अर्पण करायला लावणारा हुकूम सम्राट देकियुसने काढला तो २५० मध्ये. पर्पेतुआच्या काळी छळ असा ठिकठिकाणी, त्या त्या अधिकाऱ्याच्या आणि गावकऱ्यांच्या मनावर होई.

गुन्हा म्हणजे नुसतं नाव, हे डोक्यात ठेवून आता तिच्या पानांतला पहिलाच प्रसंग पाहा. वडील तिला समजवायला आले आहेत. ती जवळच्या एका भांड्याकडे बोट दाखवते.

"बाबा, हे इथे पडलेलं भांडं दिसतंय ना? हा तांब्या म्हणा, काहीही म्हणा."

"दिसतंय."

"ते जे आहे त्याहून वेगळ्या नावाने त्याला हाक मारता येईल का?"

"नाही."

"तसंच माझं आहे. मी जी आहे, ख्रिस्ती, त्याहून वेगळं काही मला स्वतःला म्हणवता येत नाही."

शाळेत शिकलेल्या मुलीचा हा युक्तिवाद आहे, आणि कोर्टात विचारला जाणारा एकमेव प्रश्न तिने घरच्या भांड्यावर आणून ठेवला आहे. वडिलांना तो शब्द असा झोंबला की ते तिच्या अंगावर धावून गेले, डोळेच उपटून काढतील असं तिला वाटलं. मग काही न करता निघून गेले. पुढचे काही दिवस ते आले नाहीत, आणि मला जरा हायसं वाटलं, असंही ती लिहून टाकते. संत म्हणून तिचा जयजयकार करणाऱ्यांनी हे वाक्य कधी ठळक केलेलं दिसत नाही, पण मला ते फार खरं वाटतं.

तुरुंगात टाकल्यावरचा तो अंधार आणि उकाडा वर आलाच आहे. तेर्तियुस आणि पोंपोनियुस या ख्रिस्तसभेच्या दोन सेवकांनी पहारेकऱ्यांना पैसे चारले, तेव्हा काही तास जरा बऱ्या जागी बसायला मिळालं. तिथे तिने बाळाला पाजलं, आईशी बोलली, भावाला धीर दिला, मुलाला त्यांच्या हाती सोपवलं. नंतर खटपट करून बाळाला आपल्याजवळ ठेवायची परवानगी मिळवली, आणि लिहिते की मला लगेच बरं वाटलं, आणि तो तुरुंग माझ्यासाठी एकदम राजवाडा झाला.

वडील पुन्हा आले. या खेपेला रागावून नाही, तर खंगून. माझ्या पिकल्या केसांची दया कर, म्हणाले. सगळ्या भावांपेक्षा तुझं जास्त केलं, मला लोकांत मान खाली घालायला लावू नकोस. भावांकडे बघ, आईकडे आणि मावशीकडे बघ, तुझ्या मुलाकडे बघ, तुझ्यामागे तो जगायचा नाही. लॅटिनमध्ये इथे 'मातेर्तेरा' हा शब्द आहे. आईची बहीण, बापाची नव्हे. इंग्रजी भाषांतरात तिची नुसती 'आंटी' होते. आपल्या भाषेत ती जशी होती तशी मावशीच राहते. वडील तिच्या हातांचे मुके घेत होते, पायाशी लोळण घेत होते, आणि रडत रडत तिला मुली म्हणायच्या ऐवजी 'बाईसाहेब' म्हणत होते. रोमन कायद्यात घरातल्या सगळ्यांवर बापाची सत्ता चाले, पोरांच्या मोठेपणीही. तो बाप लेकीच्या पायाशी. पर्पेतुआला त्याचं फार वाईट वाटतं. घरातल्या सगळ्यांत एकट्या त्यालाच माझ्या सोसण्यात आनंद दिसणार नव्हता, असं ती म्हणते. त्यावरून वाटतं की बाकीचं घर कमीअधिक तिच्या बाजूचं होतं आणि म्हातारा एकटा पडला होता.

सुनावणी चौकात झाली, भर दुपारच्या जेवणातून उठवून नेऊन. प्रांताचा मुख्य अधिकारी मरण पावला होता, त्याच्या जागी हिलारियानुस काम पाहत होता. त्याने विचारलं तेही जवळपास वडिलांच्याच शब्दांत: बापाच्या पांढऱ्या केसांची कीव कर, पोराच्या वयाची कीव कर, सम्राटांच्या कल्याणासाठी अर्पण कर.

"करणार नाही."

"ख्रिस्ती आहेस?"

"ख्रिस्ती आहे."

वडील मध्येच तिला खाली ओढायला लागले, तेव्हा हिलारियानुसने त्यांना ढकलून द्यायला लावलं आणि छडीने मारायला लावलं. मलाच मार बसल्यासारखं दुखलं, असं ती लिहिते. मग शिक्षा सांगितली: सगळ्यांना श्वापदांपुढे टाका. हे लोक आनंदाने तुरुंगात परतले असं ती सांगते, आणि लगेच पुढच्या ओळीत पुन्हा बाळ येतं. त्याला पाजायची सवय झाली होती म्हणून तिने आणायला माणूस पाठवला, पण वडिलांनी मूल दिलं नाही.

इथे थोडं थांबून तिच्या स्वप्नांबद्दल सांगायला हवं, कारण पर्पेतुआची कीर्ती अर्धी तरी त्यांच्यामुळे आहे. तिच्या पानांत चार दर्शनं आहेत. पहिल्यात एक पितळेची अरुंद शिडी आकाशाला भिडलेली, दोन्ही कडांना तलवारी, भाले, आकडे, सुरे लावलेले. बेसावध चढणाऱ्याचं मांस त्यांत अडकून फाटावं असे. खाली एक प्रचंड सर्प. ती त्याच्या डोक्यावर पाय ठेवून, तीच पहिली पायरी करून, वर चढते. वर मोठा बगीचा, मेंढपाळाच्या वेशातला एक पांढऱ्या केसांचा उंच पुरुष मेंढ्यांचं दूध काढतो आहे. तो तिला 'ये बाळ' म्हणतो आणि काढत असलेल्या दुधाच्या चिजाचा एक घास देतो. ती ओंजळ करून घेते, खाते, भोवतालचे लोक 'आमेन' म्हणतात, आणि जाग येते तेव्हा तोंडात काहीतरी गोड चघळत असल्याची चव असते. त्यावरून तिने आणि तिच्या भावाने ओळखलं की सुटका नाही, आता सोसायचंच आहे. स्वप्नातही दूधच. ओंजळ पुढे करून ते घेणं प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ती उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीची, आठवण करून देतं, आणि तिच्या आईपणाचीही. दोन्ही एकत्र आहेत, एकाला पुसून दुसरं राहत नाही.

दुसरं आणि तिसरं दर्शन तिच्या मेलेल्या धाकट्या भावाचं. दिनोक्रातेस सात वर्षांचा असताना तोंडावरच्या दुर्धर आजाराने गेला होता. एके दिवशी प्रार्थनेत अचानक त्याचं नाव तिच्या तोंडी आलं, इतके दिवस आठवण कशी झाली नाही याचं तिलाच आश्चर्य वाटलं. रात्री तो दिसला: काळोख्या जागेतून येणारा, तापलेला, तहानलेला, तोंडावर ती जखम तशीच. शेजारी पाण्याने भरलेला हौद, पण काठ त्याच्या उंचीच्या वर. तो टाचा उंचावतो आणि पोचत नाही. पर्पेतुआ रोज त्याच्यासाठी रडून प्रार्थना करू लागली. काही दिवसांनी, पाय खोड्यात अडकवलेले असताना, तो पुन्हा दिसला. आता स्वच्छ, नीट कपड्यांतला, जखमेच्या जागी वण. हौदाचा काठ त्याच्या बेंबीपर्यंत खाली आलेला, काठावर सोन्याची वाटी, कितीही प्यायलं तरी न संपणारी. पोटभर पाणी पिऊन तो पोरांसारखा खेळायला पळाला.

या दोन छोट्या स्वप्नांनी पुढे धर्मपंडितांना बरंच काम दिलं. मेलेल्यांसाठी प्रार्थना करता येते का, बाप्तिस्मा न होता गेलेल्या मुलाचं काय होतं, अशा वादांत दिनोक्रातेसचा दाखला निघू लागला. दोनशे वर्षांनी हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याला अशाच एका वादात सांगावं लागलं की हा ग्रंथ काही पवित्र शास्त्राचा भाग नाही. आणि तिथे तो जाता जाता 'तिने किंवा ज्याने कोणी ते लिहिलं' असे शब्द वापरतो. मला मात्र या स्वप्नात आधी दिसते ती एक मोठी बहीण. उंच काठाशी टाचा उंचावणारं पोर ज्याने पाहिलं आहे, त्याला बाकीचं समजवावं लागत नाही.

चौथं दर्शन खेळांच्या, म्हणजे रिंगणात लोकांसमोर त्यांना श्वापदांपुढे टाकणार होते त्याच्या, आदल्या दिवशीचं. रिंगणात तिच्यासमोर एक दांडगा इजिप्शियन मल्ल. तिचे कपडे उतरवले जातात, 'आणि मी पुरुष झाले' असं ती लिहिते. कुस्तीआधी करतात तसं तिला तेल चोळतात. ती त्याला लाथांनी, मुठींनी हरवते, डोक्यावर पाय देते, आणि सोन्याची सफरचंदं लागलेली हिरवी फांदी तिला बक्षीस मिळते. जागी झाल्यावर तिला उमगतं की उद्याची लढाई जनावरांशी नाही, सैतानाशी आहे. 'मी पुरुष झाले' या तीन शब्दांवर शतकानुशतकं लिहिलं गेलंय. गंमत अशी की त्याच स्वप्नात बक्षीस देणारा तिला 'मुली' म्हणूनच हाक मारतो. स्वप्नातलं तर्कशास्त्र असंच असतं.

इथे ती लेखणी खाली ठेवते. खेळांच्या आदल्या दिवसापर्यंतचं मी लिहिलं, प्रत्यक्ष त्या दिवशी जे होईल ते ज्याला लिहायचं असेल त्याने लिहावं.

सातुरुसची तीन प्रकरणं सोडली तर यापुढचं सगळं संपादकाच्या तोंडून, आणि फेलिसितासबद्दलचंही. तिने लिहिलेलं काही नाही. एकाच ग्रंथातल्या दोन नायिका, त्यांतल्या शिकलेल्या घरंदाज मुलीचं म्हणणं तिच्या शब्दांत, आणि गुलाम बाईचं दुसऱ्याच्या. हा फरक आपण वाचताना विसरू नये.

फेलिसितास आठ महिन्यांची गरोदर होती. गरोदर बाईला देहदंड देता येत नाही असा रोमन नियम होता. म्हणजे सोबतची माणसं पुढे जाणार आणि ती मागे राहून नंतर कुठल्या तरी गुन्हेगारांबरोबर एकटी मरणार, याची तिला भीती. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि तिला लगेच वेणा सुरू झाल्या. आठव्या महिन्याचं बाळंतपण अवघड, असं मजकुरातही म्हटलं आहे. ती कळांनी ओरडू लागली तेव्हा एक पहारेकरी म्हणाला, आत्ताच एवढी कण्हतेस, मग श्वापदांपुढे टाकल्यावर काय करशील? ती म्हणाली, "आत्ता जे सोसतेय ते मी सोसतेय. तिथे माझ्या आत दुसरा कोणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसणार आहे." पोटात बाळ असलेल्या, कळा देणाऱ्या बाईच्या तोंडी 'माझ्या आत दुसरा' हे शब्द. तिला मुलगी झाली, आणि त्यांच्यातल्याच एका बाईने ती आपली लेक म्हणून वाढवली. गुलाम स्त्रीचं मूल कायद्याने मालकाचं असे, तेव्हा ही गोष्टसुद्धा लहान नाही.

आदल्या रात्री मरणाऱ्यांना शेवटचं जेवण देत आणि गावकरी ते बघायला जमत. या लोकांनी त्याचीच प्रेमभोजनाची, म्हणजे ख्रिस्ती बंधुभगिनींच्या एकत्र जेवणाची, पंगत केली. सातुरुस जमलेल्यांना म्हणाला, आमचे चेहरे नीट बघून ठेवा, म्हणजे त्या दिवशी ओळखाल. तुरुंगावरचा अधिकारी पुदेन्स तोवर स्वतःच विश्वास ठेवू लागला होता. सेकुंदुलुस मात्र तुरुंगातच मरण पावला होता.

७ मार्चचे ते खेळ सम्राट सेप्तिमियुस सेवेरुसचा धाकटा मुलगा गेता याच्या वाढदिवसाचे होते. दाराशी त्यांना पोशाख घालायला सांगितलं: पुरुषांना सातुर्न देवाच्या पुजाऱ्यांचा, बायकांना केरेस देवीच्या पुजारिणींचा. पर्पेतुआने साफ नकार दिला. हे करायला लागू नये म्हणून तर आम्ही जीव द्यायला तयार झालो, तोच करार होता, असं तिचं म्हणणं, आणि अधिकाऱ्याला ते मान्य करावं लागलं.

पुरुषांसाठी बिबट्या, अस्वल, रानडुक्कर. दोघींसाठी एक पिसाळलेली गाय, बायकांसाठी मुद्दाम मादी जनावर. त्यांना नागवं करून जाळ्यांत गुंडाळून आणलं, आणि तेव्हा रक्त बघायला आलेला तो जमावसुद्धा शहारला. एक नाजूक मुलगी, आणि दुसरी ओली बाळंतीण, छातीतून दूध ठिबकणारी. त्यांना परत नेऊन सैल अंगरखे घालून आणलं. गायीने पर्पेतुआला उडवलं. पडल्यावर तिने फाटलेला अंगरखा ओढून मांडी झाकली, मग केसांची पिन शोधून विस्कटलेले केस बांधले. मोकळे केस हे शोकाचं लक्षण, आणि आपल्या विजयाच्या घडीला आपण शोक करतोय असं दिसू नये, हे कारण संपादक देतो. मग उठून तिने चिरडलेल्या फेलिसितासला हात देऊन उभं केलं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मालकीण होऊ शकली असती अशी एक आणि गुलाम असलेली एक. हा हात पुढे करण्याचा क्षण मला शिडीच्या स्वप्नाहूनही मोठा वाटतो.

श्वापदांतून जे जिवंत राहिले त्यांना शेवटी तलवारीने मारायचं होतं, आणि जमावाने मागणी केली की ते आमच्या डोळ्यांसमोर व्हावं. सगळे आपणहून चालत गेले, एकमेकांचं चुंबन घेतलं. पर्पेतुआच्या वाट्याला आलेला तलवारबाज नवशिका होता. त्याचा वार हाडावर बसला, ती किंचाळली. मग तिने त्याचा थरथरता हात धरून स्वतःच्या गळ्याशी नेला. संपादक म्हणतो, अशी बाई तिच्या इच्छेवाचून बहुधा मारताच आली नसती.

मराठी ख्रिस्ती लोक अशा माणसांना 'रक्तसाक्षी' म्हणतात, आणि हा शब्द मूळ ग्रीक शब्दाच्या फार जवळ आहे. 'मार्तिस' म्हणजे साक्षीदार. 'हुतात्मा' म्हटलं की स्वतःची आहुती दिलेला माणूस दिसतो, तोही सुंदर शब्द आहे. पण पर्पेतुआने केलं ते अक्षरशः साक्ष देणं: चौकात विचारलं, तिने उत्तर दिलं, आणि लिहून ठेवलं.

पुढचा इतिहास थोडक्यात. कार्थेजमध्येच राहणारा लेखक तेर्तुल्लियान काही वर्षांतच तिच्या दर्शनाचा उल्लेख करतो. ज्याच्या वाढदिवसाला हे सगळं घडलं त्या गेताला २११ मध्ये त्याचा भाऊ काराकाल्ला याने मारवलं आणि शिलालेखांतून त्याचं नाव छिन्नीने खरवडून काढायला लावलं. रोममधल्या सेवेरुसच्या कमानीवर ती खाडाखोड आजही दिसते. ३५४ च्या रोमन दिनदर्शिकेत मात्र ७ मार्चसमोर या दोघी आफ्रिकी बायकांची नावं आहेत. रोमन कॅथलिकांच्या मिस्सातल्या, म्हणजे सामूहिक उपासनेतल्या, जुन्या प्रार्थनेत फेलिसितास आणि पर्पेतुआ ही नावं आजही घेतली जातात. उत्तर आफ्रिकेतल्या चर्चमध्ये त्यांच्या सणाला हा ग्रंथ मोठ्याने वाचत, आणि ऑगस्टिनने त्यावर प्रवचनं केली. दोघींची नावं जोडली की 'पर्पेतुआ फेलिसितास', म्हणजे 'अखंड सुख', असा अर्थ होतो हे त्याला फार आवडे. पण जिथे स्त्रीजात म्हणून दुबळेपण अधिक तिथे मुकुट अधिक तेजस्वी, असंही तो म्हणतो. तिच्या पानांत दुबळेपणाचा हा सूर मला कुठे सापडला नाही.

इटलीत रावेन्ना शहरातल्या एका चर्चच्या भिंतीवर सहाव्या शतकातली मोझाइकची चित्रं आहेत. सोनेरी पार्श्वभूमीवर कुमारिका रक्तसाक्षींची लांबलचक मिरवणूक, आणि तिच्यात पर्पेतुआ आणि फेलिसितास. दोघी लेकुरवाळ्या, कुमारिकांच्या रांगेत बसवलेल्या.

हे 'बसवून घेणं' एका बाबतीत फारच पुढे गेलं. मूळ मजकूर मधल्या काळात मागे पडला. १७व्या शतकात इटलीतल्या मोंते कासिनोच्या मठात तो पुन्हा हाती लागला आणि १६६३ मध्ये छापला गेला. तोवर लोक वाचत होते ती नंतर कोणी तरी तयार केलेली आटोपशीर आवृत्ती. तिच्यात पर्पेतुआचा नवरा येतो, आईबाप येतात, बाळ आणून तिच्या गळ्यात घालतात. आणि तिथली पर्पेतुआ ते बाळ भिरकावून देते, आईबापांना ढकलते आणि म्हणते, दूर व्हा माझ्यापासून, अधर्म करणाऱ्यांनो, मी तुम्हाला ओळखत नाही. संत म्हणजे सगळं तोडलेली, असं त्या लेखकाच्या डोक्यात पक्कं बसलं असावं.

तिने स्वतः बाळाबद्दल शेवटचं जे लिहिलं ते असं आहे. शिक्षा झाल्यावर वडिलांनी मूल द्यायचं नाकारलं. पण देवाची इच्छा अशी की त्याला पुन्हा अंगावरचं प्यावंसं वाटलं नाही, आणि माझ्याही छातीत दूध साचून आग झाली नाही, म्हणजे मुलाची काळजी आणि स्तनांचं दुखणं दोन्ही मला छळत बसू नये.